पंपाची घरघर

घरोघरी जाऊन औषधं चढवणाऱ्या सिस्टरचा एका गोष्टीवर काडीचाही विश्वास नव्हता: लांबलचक बोलण्याच्या आखूड भाषांतरावर. या घरात म्हातारी तिच्या मुलखाच्या भाषेत पाच मिनिटं बोलायची आणि सून सांगायची, "बरं वाटतंय म्हणतात."

आज मात्र सिस्टरचा संयम संपला. म्हातारीच्या पायाच्या हाडात जंतू मुरले होते. त्यावरचं औषध रोज संध्याकाळी दोन तास पंपातून जायला हवं, आणि तीन दिवस पंप मध्येच बंद सापडत होता.

"आजही औषध राहिलं तर आजींना दवाखान्यात हलवणार, ताई," तिने पंप सुरू करत सुनेला स्पष्टच बजावलं. सुनेचा चेहरा पडला. तिचा नवरा वारून चार महिने झाले होते. घरात या दोघीच उरल्या होत्या.

"समजावते मी." सून सासूच्या कानाशी वाकून तिच्या भाषेत नेहमीचंच एक वाक्य बोलली. म्हातारी खुदकन हसली, तिने दाराकडे पाहिलं आणि पंप बंद केला.

ते वाक्य ऐकूनच पंप बंद झाला, हे सिस्टरने पाहिलं. तिने म्हातारीची भाषा जाणणाऱ्या, दवाखान्याच्या दुभाष्याला फोन लावला. "ताई, तेच पुन्हा बोला."

सून बोलली. मग दुभाष्या म्हणाला, "'आई, संध्याकाळी येतो.'"

सून सासूकडे वळून पाहत म्हणाली, "आमचे हे कामावर निघताना रोज आईंना एवढंच म्हणायचे, सिस्टर. मला वाटलं, काळजी करू नका असं काहीतरी असेल. मला आईंची भाषा येतच नाही. तसं सांगितलं असतं तर तुम्ही त्यांना नेलं असतंत."

"पंप का बंद करतात, विचारा," सिस्टर फोनवर म्हणाली.

"घरघरीत मुलाची पावलं ऐकू येत नाहीत, म्हणतात."

सुनेने डोळे पुसले. "'तुमचा मुलगा गेला' हे त्यांच्या भाषेत कसं म्हणायचं? मीच सांगते." दुभाष्याने शब्द दिले. तिने ते तीनदा घोकले आणि सासूचा हात धरून म्हटले.

म्हातारीने तिच्या डोक्यावरून हात फिरवला, हळूच काहीतरी बोलली.

"त्या म्हणतात," दुभाष्याचा आवाज खाली आला, "'ठाऊक आहे, पोरी. त्याचे डोळे मीच मिटले. पण गेल्यावरही तो रोज तुझ्या तोंडून सांगतो, संध्याकाळी येतो. मग मी वाट नको पाहू?'"

सिस्टरने फोन ठेवला, पंप पुन्हा सुरू केला आणि दोन तास तिथेच बसायचं ठरवलं. अर्ध्या तासाने घरघर थांबली.

बटणावरचा हात या वेळी सुनेचा होता.

"एकच मिनिट, सिस्टर," ती दाराकडे बघत कुजबुजली. "ऐका ना."