वाढत्या अंगाचा कोट

पलंगावर अप्पांनी एक अख्खा देश मांडला होता. उशाकडच्या बाजूला चादरीखाली दोन उशा आणि एक लोड सारून डोंगर केले होते. मधला सपाट भाग वाळवंटाचा. पायाकडे चादर पलंगावरून खाली लोंबत होती, तिथे समुद्र, आणि त्याच्या काठची पट्टी सदा पावसात भिजणारी. अप्पांनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला होता. आता नजर इतकी अधू झाली होती की नकाशावरची अक्षरं लागत नसत. पण डोंगर हाताला लागतात, तेवढं पुरे, असं ते म्हणायचे.

हा देश भिंगरीसाठी होता. भिंगरी त्यांची नात, लेकीची लेक, नऊ वर्षांची. खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं. एका जागी न टिकणाऱ्या पोरीला घरात दुसरं नाव शोभलं नसतं. तिच्या आईबाबांची ताटातूट झाली त्याला बराच काळ लोटला होता. चादरीवर मांडलेल्या त्या दूरच्या देशात बाबा नोकरीला होते. त्यांचं घर समुद्राकाठी, काम वाळवंटातल्या खाणीवर, आणि त्यांची बहीण, म्हणजे भिंगरीची आत्या, वर डोंगरात राहायची. भिंगरी सुट्टीपुरती तिकडे चालली होती. तिला तसंच सांगितलं होतं.

बॅग भरायची अप्पांची रीत अशी की प्रत्येक कपडा आधी चादरीवर जिथे घालायचा तिथे ठेवायचा, आणि का ते सांगायचं. उत्तर बरोबर आलं तरच कपडा बॅगेत. रेनकोट समुद्राकाठी गेला, सुती फ्रॉक वाळवंटात. मग अप्पांनी विचारलं, वाळवंटात स्वेटर लागेल का. भिंगरी हसली. तेव्हा त्यांनी तिला शांतपणे समजावलं की वाळू तव्यासारखी असते; ऊन पडलं की चटकन तापते, ऊन गेलं की चटकन गार होते. म्हणून तिथे दिवसा घाम आणि रात्री हुडहुडी.

"म्हणजे वाळवंट आईसारखं," भिंगरी म्हणाली. "लगेच तापतं, लगेच निवतं."

खिडकीपाशी मशीनवर बसलेल्या आईने नुसतं वर पाहिलं. एरवी तिने लगेच टोला परतवला असता. आज तिने दोरा दातांनी तोडला आणि पुन्हा खाली मान घातली.

आई लहान मुलांचे कपडे शिवायची. तिच्या हातच्या कपड्यांची एक खासियत होती. वाढत्या अंगाचे कपडे सगळेच शिवतात, जरा मोठे, जरा ढगळ. आईला तो ढगळपणा खपत नसे. ती कपडा आजच्या मापाचाच बेतायची, पण खालच्या काठाला आणि बाह्यांना आतून दुमडी घालायची. दर वर्षासाठी एक दुमड, प्रत्येकीची शिलाई वेगळी. वर्ष सरलं की मूल कपडा घेऊन यायचं, एकच दुमड उसवली जायची, आई काठ हाताने शिवून द्यायची, आणि कपडा पुन्हा अंगाबरोबर व्हायचा. उसवायचं काम भिंगरीचं. अस्तराखाली बोट फिरवून आत किती दुमडी आहेत ते ती न बघता सांगायची. सुई मात्र आईने तिच्या हाती कधी दिली नव्हती. तू आपला अभ्यास कर, म्हणायची.

हल्ली लोक तयार कपडे घेत. कपडा एका हंगामात विटतो, फेकतात, दुसरा आणतात. दुमडी हव्यात कोणाला? गिऱ्हाईक आटत आटत बंदच झालं. येत्या आठवड्यापासून आई शहराबाहेरच्या एका मोठ्या कपडे-कारखान्याच्या शिवणखात्यात कामाला जाणार होती, कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी. घरात मागे उरणार अप्पा, ज्यांना शेगडी पेटली की नाही हे हात जवळ नेऊन बघावं लागे. फोनवर भिंगरीच्या बाबांशी बोलून आईने ठरवलं होतं: पोरीने आत्याकडे राहायचं, तिथल्या शाळेत शिकायचं, शिक्षण पुरं होईपर्यंत. परतीचं तिकीट काढलेलं नव्हतं. हे अप्पांना ठाऊक होतं. मुलीला आधी सांग, असं ते दोनतीनदा म्हणाले. विमानतळावर जाताना गाडीत सांगेन, असं आई म्हणाली. मग अप्पांनी तो विषय सोडला आणि पलंगावर देश मांडायला घेतला.

दुपारी आईने शिवून झालेला कोट आणला. गडद निळ्या लोकरीचा, आतून रेशमी अस्तर लावलेला. भिंगरीने तो घातला, आरशासमोर गिरकी घेतली, आणि आपण आता डोंगरात आहोत असं सांगत उशांवर जाऊन बसली. अप्पांनी थंडी किती वाजतेय ते विचारलं. ती उत्तर द्यायला गेली आणि मध्येच थांबली. तिचं बोट बाहीच्या काठावर होतं.

तिने कोट काढला, उलटा केला, मांडीवर घेतला. बाही चाचपली, मग खालचा काठ. वाळवंटातला एक फ्रॉक ओढून त्याचा घेर तपासला, मग दुसरा. मशीन थांबलं होतं.

"आई, यात चार दुमडी आहेत."

कापड उरलं होतं, कापायचं जिवावर आलं, आई म्हणाली. आवाजात जोर नव्हता.

"फ्रॉकला पण चार. सुट्टीत मी एवढी वाढणार आहे?"

आईने मशीनवरचं कापड सारखं केलं. भिंगरी अप्पांकडे वळली. अप्पांना काहीही विचारलं तर ते उत्तर देत. येत नसेल तर येत नाही म्हणत आणि आपण मिळून शोधू म्हणत. खोटं उत्तर त्यांनी तिला कधी दिलं नव्हतं.

"अप्पा, मी परत कधी येणार?"

अप्पांचे हात डोंगरावरून फिरले, उशीची सुरकुती सारखी केली. "आईला विचार, बाळ."

तिला जे कळायचं ते तेवढ्यात कळलं.

मग आईने सांगितलं. पाळ्यांचं, अप्पांच्या डोळ्यांचं, डोंगरातल्या शाळेचं. सांगताना ती मांडीवरच्या कापडाची पुन्हा पुन्हा घडी करत होती. कपडे दुमडी न घालता शिवले असते तर पोरीला संशयही आला नसता, हे तिलाही कळत होतं. कोट बेतताना तिने तसं मनाशी ठरवलंही होतं. पण त्या डोंगरात दुसरा हिवाळा येईल, तिसरा येईल, आणि पोरीची मनगटं बाहीबाहेर उघडी पडतील, हे डोळ्यांसमोर आलं आणि हात पुढे चालला नाही. दर दुमडीची शिलाई तिने वेगळी घातली होती, नेहमीसारखी.

भिंगरी रडली नाही. रडली असती तर आईला जवळ घेता आलं असतं. ती कोटाचा काठ हातात धरून बसून राहिली.

"दुमडी उसवणार कोण?"

तू उसवशीलच की, आई म्हणाली, आणि पुढची हातशिलाई आत्या कोणाकडून तरी करून घेईल.

"त्यांना नाही कळायचं. ते सगळ्या एकदम उसवतील." मग ती म्हणाली, "मला शिवायला शिकव."

गाडी संध्याकाळी यायची होती. आईने मशीनवरचं कापड बाजूला केलं, लोकरीचा एक तुकडा घेतला, सुईत निळा दोरा ओवून दिला. खिडकीच्या उजेडात दोघी गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. लोकरीचा फक्त एक धागा उचलायचा, आई सांगत होती. दोन उचललेस तर टाका बाहेरून दिसेल. ओढायचा नाही, नुसता टेकवायचा. भिंगरीचे पहिले टाके मुंग्यांच्या रांगेसारखे बाहेर दिसले. आईने उसव म्हटलं. तिने उसवले.

मागे अप्पा देश आवरत होते. लोड निघाला, उशा निघाल्या, समुद्र घडीत गेला. वाळवंटात राहिलेला स्वेटर त्यांनी हाताने शोधून बॅगेत ठेवला. हा कशासाठी ते ओळख पाहू, असं त्यांनी भिंगरीला विचारलं. तिने ऐकलं, पण मान वर केली नाही. अप्पांनी पुन्हा विचारलं नाही. ते मोकळ्या पलंगाच्या कडेला बसून राहिले.

बॅग उघडी होती. वर फक्त कोट ठेवायचा बाकी होता. खाली रस्त्यावर एखादी गाडी हळू झाली की तिघांचेही कान तिकडे जात, आणि ती पुढे निघून जाई.

भिंगरीने आणखी एक ओळ पुरी केली आणि तुकडा आईपुढे धरला. आईने तो उजेडात नेला. आतल्या बाजूला टाके एकसारखे होते. बाहेरून काहीच दिसत नव्हतं. शिवणखात्यात कोणी असं काम केलं असतं तर पुढचं कापड लगेच हाती पडलं असतं. आईने अंगठा काठावरून एकदा फिरवला, मग परत फिरवला.

"अजून जरा सैल येतंय," ती म्हणाली.

भिंगरीने तुकडा हातात घेतला, आपलं बोट काठाखालून फिरवलं. सैल नव्हतं. तिने आईकडे पाहिलं, सुईचं टोक पहिल्या टाक्याखाली घातलं, आणि सावकाश, एकेक करून, उसवायला घेतलं.