जीभ वर करा

गोळी हातात द्यायची, पाण्याचा घोट घ्यायला लावायचा, मग तोंड उघडायला सांगून जीभ वर करायला लावायची. क्रिसान्ताचं रोज सकाळचं हेच काम. बेटावरच्या क्षयाच्या रोग्यांपैकी कुणी तिला फसवू शकत नसे. सगळे तिला मानांग, म्हणजे ताई, म्हणत. तीनचाकी हाकणारा दोदोंग तर तिला तोंडावर म्हणायचा, "मानांग, तू तुरुंगात नोकरीला हवी होतीस."

"तुझ्यासारखे गिऱ्हाईक असल्यावर दवाखान्याचाच तुरुंग होतो. आ कर!"

पण जुने मास्तर माएस्त्रो आनसेल्मो हेही रोगी; त्यांच्या ओसरीवर तिची जीभ टाळ्याला चिकटे. निम्म्या बेटाला त्यांनी अक्षर शिकवलं होतं, तिलाही. नखं वाढली म्हणून याच माणसाने तिला वर्गाबाहेर उभं केलं होतं. अशा माणसाला 'जीभ वर करा' म्हणायचं कसं? ते गोळ्या तोंडात टाकून पेला उचलत, तेवढ्यात ती अंगणातल्या कोंबड्यांकडे बघे. पेला खाली ठेवल्याचा आवाज आला की कार्डावर खूण करी आणि निघे. हे दुसऱ्या कुणी केलं असतं तर तिनेच त्याची सालटी काढली असती.

पाचव्या महिन्यात त्यांच्या बेडक्यात पुन्हा जंतू सापडले. दवाखान्यातली नर्स मेर्लिता कपाळाला हात लावून बसली.

"मानांग, गिळताना पाहिलंस ना?"

"पाहिलं की."

"मग औषधच लागू पडत नाही. शहरात पाठवावं लागेल. तिथली इंजेक्शनं जबर असतात गं, कधीकधी कान जातात." माएस्त्रो चर्चमधलं गाणं बसवत, आणि मेर्लिता त्यांच्याच हाताखाली गायची.

क्रिसान्ताला वाईट वाटायला हवं होतं, पण काहीच वाटेना. दुपारी तिने भात आणि सुका मासा खाल्ला, पण मीठ आहे की नाही हेही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माएस्त्रोंनी बेटावरच्या रीतीप्रमाणे नेहमीसारखं म्हटलं, "ये, जेवायला बस."

"झालं जेवण," ती नेहमीसारखीच म्हणाली. त्यांनी गोळ्या तोंडात टाकल्या, पेला उचलला. या वेळी तिने कोंबड्यांकडे पाहिलं नाही.

"माएस्त्रो, आ करा."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं.

"जीभ वर करा."

गोळ्या जिभेखाली होत्या. लाल रंग सुटून दातांना लागला होता. त्यांनी त्या तळहातावर थुंकल्या.

"पोटात ढवळतं. कधी गिळतो, कधी नाही," ते म्हणाले. "तू रोज मान फिरवायचीस. मला वाटलं, तुला ठाऊक आहे. म्हाताऱ्याला सूट देतेयस."

"मला वाटलं, तुम्ही गिळताय."

"मग विचारायचं होतंस."

"तुम्हाला?"

क्रिसान्ता तडक दवाखान्यात गेली आणि खरं काय ते सांगून टाकलं. मेर्लिताने एकही शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. जंतू खरंच गोळ्यांना दाद देत नाहीत का, हे तपासायला तिने बेडका शहरात पाठवला.

निकाल आला. अधूनमधून पोटात गेलेल्या गोळ्यांना जंतू सरावले होते. शहर आता टळणार नव्हतं. पहिल्या दिवसापासून जीभ वर करायला लावली असती तर टळलं असतं का, हे क्रिसान्ताने विचारलं नाही आणि मेर्लिताने सांगितलं नाही.

माएस्त्रो निघाले त्या दिवशी धक्क्यावर चर्चची सगळी गायकमंडळी नाकातोंडाला फडकी बांधून आली होती. कुणीतरी सूर धरला. माएस्त्रो डोळे मिटून कडव्याच्या शेवटापर्यंत ऐकत राहिले आणि एका पोरीला म्हणाले, "तू सुरातून खाली उतरतेस." मग ते चालत क्रिसान्तापुढे आले. चार पावलांवर थांबून त्यांनी तोंडावरचं फडकं खाली ओढलं आणि सगळ्यांदेखत आ करून जीभ वर केली.

जिभेखाली काही नव्हतं. क्रिसान्ताने नीट पाहिलं.

"ठीक आहे," ती म्हणाली.