हवेली विकणे आहे

हवेली विकायची असं मी ठरवलं, तेव्हा सासरे एवढंच म्हणाले, "तू म्हणशील तसं." इतका सहज होकार ऐकून मला तिथेच संशय यायला हवा होता. पण मी घायकुतीला आले होते. गेल्या हिवाळ्यात ते जिन्यावरून पडले आणि रात्रभर तिथेच कण्हत राहिले. चहूकडे नुसतं जंगल, हाक मारली तरी ऐकणार कोण? सकाळी दूधवाला आला म्हणून वाचले. नवरा आधीच गेलेला, आता यांनाही गमवायची माझी तयारी नव्हती. हवेली असेपर्यंत म्हातारा तिथून हलणार नाही, म्हणून ती विकायची आणि त्यांना शहरात माझ्याकडे आणायचं. काळ्या दगडावरची रेघ.

जाहिरात मीच लिहिली. 'ऐतिहासिक हवेली, घनदाट झाडीत.' लोक येत, दिवाणखान्यातलं कोरीव लाकूडकाम आणि उंच खिडक्या पाहून हरखून जात. मग सासरे त्यांना वरचा मजला दाखवायला नेत आणि माणसं पडलेल्या चेहऱ्याने खाली येत. वरच्या खोलीचं छप्पर गळतं, म्हणे. खाली लावलेल्या बादलीत पाणी साठलेलं असतं. छप्पर दुरुस्त करणाऱ्याला मी दोनदा वर चढवलं, पण त्याला फट काही सापडेना.

"सापडणार नाही," सासरे शांतपणे म्हणाले. "जुनी घरं लबाड असतात. पण आपण खोटं बोलून घर विकायचं नाही हं."

वर मलाच उपदेश!

त्या रविवारी एक दातांची डॉक्टरीण आली. कामातून निवृत्त झालेली, दोन बहिणी आणि कुत्र्यांसकट तिला इथे राहायला यायचं होतं. सासरे तिला वर घेऊन निघाले, तशी या वेळी मीही मागोमाग गेले. अर्ध्या जिन्यात बाई थांबली. चष्मा लावून खाली वाकली आणि किडका दात तपासावा तशी पायरी निरखू लागली.

"आजोबा, पायऱ्या ओल्या कशा?"

सासऱ्यांनी ऐकलंच नाही असं दाखवलं. मी मागे वळून पाहिलं. थेंबांची रांग स्वयंपाकघरातल्या नळापासून निघून थेट वरच्या खोलीपर्यंत गेली होती.

"छप्पर गळतं म्हणता," डॉक्टरीण म्हणाली, "पण हे पाणी तर जिना चढून वर गेलंय."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "बाबा! पाण्याची बादली घेऊन तुम्ही हा जिना चढता? हाच जिना?"

"अर्धीच भरतो," ते म्हणाले.

"अहो, विकायची नव्हती तर सरळ नाही म्हणायचं!"

"कुठल्या तोंडाने म्हणू? मुलगा गेल्यावर माझं सगळं तूच केलंस." त्यांनी कठडा घट्ट धरला. "मला इथून जायचं नाही गं, पोरी."

इतक्या महिन्यांत हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा उच्चारलं होतं.

"मी बाहेर थांबते," डॉक्टरीण हळूच म्हणाली.

"नको, इथेच थांबा," मी म्हणाले. डोळ्यांना धार लागली होती, पण आवाज मी हलू दिला नाही. "बाबा, तुम्हाला जायचं नाही, कळलं मला. माझ्यावर रागवा, वर्षभर बोलू नका. पण तुम्ही मला जिवंत हवे आहात. हवेली विकायचीच."

ते पायरीवर बसले. समोरच्या खिडकीतून त्यांनी झाडांकडे पाहिलं. मग त्यांनी बाहीने तोंड पुसलं आणि डॉक्टरिणीकडे वळले.

"ऐकलंत ना? ही एकदा हट्टाला पेटली की कुणाच्या बापाचं ऐकत नाही." कठड्याच्या आधाराने ते उठून ताठ उभे राहिले. "तर आता नीट ऐका. हे छप्पर मी माझ्या हातांनी राखलंय. आजवर एक थेंब आत आलेला नाही. गळकं म्हणून किंमत पाडून मागणार असाल, तर आल्या वाटेने परत जा."