कमलाच्या टपरीपासून दोनशे पावलं

मित्रांनो, मी एक जुना, जाड कागद आहे. रद्दी म्हणू नका हं, राग येतो मला! माझ्या अंगावर एक वाळवलेलं रोप शिवलेलं आहे. दवबिंदू त्याचं नाव. रोप बोटाएवढं, पण चिकट थेंबांनी किडे धरून खायचं.

रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं, त्याच्या पुढच्या वर्षी वनस्पतींच्या सरकारी ऑफिसातल्या नरहरीकाकांना ते शहराजवळच्या उरल्याच्या दलदलीत सापडलं. त्यांनी माझ्यावर लिहिलं, 'कमलाच्या टपरीपासून दोनशे पावलं, डावीकडे.' सारं ऑफिस त्याच टपरीवर चहा प्यायचं, मग आणखी पत्ता कशाला? पुढे टपरी उठली. दलदल बुजवून कारखाना आला. उरल्यात असलं रोप होतं म्हटलं की लोक हसायचे. काकांना ते फार लागलं. मी वीस वर्षं कपाटात धूळ खात पडलो.

मग ऑफिसात शर्मिष्ठा आली. देशभरातल्या झाडाप्राण्यांच्या नोंदी एकाच साच्यात भरून सगळ्यांना खुल्या करायच्या, हे तिचं काम. काय, कुठे, कधी, कुणाला सापडलं; आसाम असो की केरळ, रकाने तेच! माझं घोडं 'कुठे'पाशी अडलं. जागा कळली नाही, तर मी नकाशावर येणार नव्हतो आणि काका कायमचे खोटे ठरणार होते.

तिनं चौबे कॉलनीतल्या घरून काकांना उरल्याला नेलं. मलाही फाईलमधून नेलं. टपरीमागचा पिंपळ ट्रकांच्या धुळीत अजून उभा होता. तिथून काका काठी टेकत दोनशे पावलं चालले आणि खट्टू होऊन थांबले.

"पोरी, आताचे दोनशे म्हंजे तवाचे दीडशेच असतीन. नक्की नाही सांगता येत मले."

"तेबी लिहू ना काका. किती चुकू शकते, त्याचाबी रकाना आहे."

अहो, मी थक्कच झालो! एवढ्या मोठ्या कामात 'नक्की माहीत नाही' म्हणायलाही जागा होती. तिनं मोबाईलवर जागा टिपली, शंभर मीटर इकडेतिकडे असं लिहिलं. काकांसह ऑफिसात येऊन तिनं कॉम्प्युटरचं बटण दाबलं, आणि नकाशावर देशभरच्या हजारो ठिपक्यांत उरल्याचा एक ठिपका उमटला. आता तो कुणालाही, कुठूनही दिसतो. खाली नाव होतं काकांचं. काका कितीतरी वेळ त्यावर बोट ठेवून बसले होते.

मित्रांनो, काही नवल दिसलं तर जरूर लिहून ठेवा. पण असं लिहा, की तुमच्या टपरीवर कधीच चहा न प्यालेल्या माणसालाही तिथे पोचता येईल.