लाल ठिपक्याचं कुलूप

आमच्या वरच्या तळ्यातून खालच्या तळ्यात डोंगरामधून एक मोठा लोखंडी नळ जातो. ऊन भरपूर असलं की सौर वीज उरते, तिच्यावर पंप पाणी वर चढवतात. ढग आले की तेच पाणी खाली सोडून वीज करायची. नळात पाणी सोडणाऱ्या वरच्या दारावर मी असतो. नळात उतरणारा प्रत्येक जण दाराच्या दांड्याला स्वतःचं कुलूप लावतो आणि बाहेर आल्यावर काढतो. एक जरी कुलूप असलं तरी दांडा हलत नाही.

बायको इथेच वेल्डर होती. आजारपणात गेली. नेलपॉलिशचा लाल ठिपका लावलेलं तिचं कुलूप मी दांड्याशेजारच्या खिळ्याला टांगून ठेवलं होतं. तिच्या जागी आता मुलगी लागली आहे.

त्या दुपारी आभाळ एकदम भरून आलं. नळातली डागडुजी उरकून माणसं कुलपं काढून जेवायला गेली होती. फोन वाजायला लागला. फोरमन धावत आला.

"दादा, उघडा लवकर. शहरातली वीज जायची वेळ आलीय."

दांड्याला एक कुलूप होतं. लाल ठिपक्याचं.

"हे इथे कसं आलं?"

"मला काय विचारता? ते कुलूप रोज तुम्हीच पुसता. अडकवलं असणार चुकून. परवा चष्मा फ्रीजमध्ये ठेवला होतात!"

खोटं नव्हतं. ती गेली तरी मी अजूनही दोन कप चहा करतो. माझ्या हातांचा मलाच भरवसा नाही.

"पोरगी कुठाय?"

"तिचं कुलूप दिसतंय का? मग बाहेरच असणार, जेवत असेल." त्याने कुलूप तोडायची कातर उचलली. "वहिनी काही नळात नाहीत, दादा."

मुलीचा फोन लागेना. मी कुलूप मुठीत घट्ट धरलं.

"हात काढा!"

"आधी माझी बोटं काप."

दुसऱ्या हाताने पाना घेऊन मी नळावर ठोकलं. काही नाही. पुन्हा ठोकलं. फोन वाजतच राहिला.

मग खूप खालून उत्तर आलं. ठक. ठक.

फोरमनने कातर खाली ठेवली.

मुलगी वर आली ती वैतागूनच. "काय ठोकाठोकी चाललीय? एक सांधा राहिला होता, म्हणून मागे थांबले." मग आमचे चेहरे बघून तिचा आवाज उतरला. "माझ्या कुलपात किल्लीच फिरेना. म्हणून आईचं लावलं. सांगणार होते बाबा, पण तिचं नाव काढलं की तुम्ही दिवसभर जेवत नाही."

तिने कुलूप काढलं. फोरमनने दांडा ओढला. पाणी नळात शिरलं आणि पायाखालची जमीन थरथरायला लागली.

"बाबा, मनगट दुखतंय."

पाणी पार खाली पोचेपर्यंत मी ते सोडलं नाही.