आळीपाळीचे थेंब

सरळ माणसं अरुंधतीला आवडत. पण वाकडे आकडे दिसले की तिला चैन पडत नसे. परदेशीपुऱ्यात डोळ्यांचा छोटा दवाखाना चालवणारी ही डॉक्टरीण भारी चौकस आहे, हे तिची सासूसुद्धा कबूल करी, आणि सासू सहसा काही कबूल करत नसे.

सत्त्याण्णव साल होतं. मिल बंद पडून सहा वर्षं झाली होती आणि इंदुरात कॉम्प्युटरचं खूळ आलं होतं. ज्या मोठ्या इस्पितळात मिलवाल्यांना जुन्या कार्डावर उपचार आणि औषध मिळे, तिथून आता दर शनिवारी मोहल्ल्यातल्या डॉक्टरांकडे फ्लॉपी येऊ लागली. रोग्यांचे सगळे जुने कागद तिच्यात टाइप केलेले असत. पुढची देखभाल मोहल्ल्यातल्या डॉक्टरनं करायची.

त्या दिवशी समोर पांडुरंग बसला होता. मागावर वीस वर्षं काढलेला माणूस, काचबिंदूचा रोगी. पडद्यावर त्याच्या डोळ्यांचा दाब ओळीनं मांडलेला होता: चौदा, बत्तीस, पंधरा, एकतीस, चौदा, तेहतीस. वीसच्या आत ठीक, तिशीत गेला की धोका; पण सुट्या कागदांवर हा चढउतार कोणाच्या ध्यानात आला नव्हता, कारण दर खेपेला डॉक्टर वेगळा. अरुंधतीनं स्वतः दाब मोजला. चौदा.

"थेंब रोज टाकता ना?"

"एकदम बराबर, मॅडमजी. एक महिना मी, एक महिना तुकोजी."

"तुकोजी कोण?"

पांडुरंग कानकोंडा झाला. अरुंधतीनं पेन खाली ठेवलं आणि हाताची घडी घातली. आता ऐकल्याशिवाय ती उठणार नव्हती.

तुकोजी मिलमध्ये बदली कामगार होता. कोणी रजेवर गेला की त्याच्या जागी उभा राहायचा. बदलीवाल्याला कार्ड नसे, म्हणून पांडुरंगनं आपलं देऊ केलं. एका खेपेला हा दाखवायला जाई, पुढच्या खेपेला तो. काचबिंदू कार्डावर लिहिला गेला, आणि कार्ड दोघांचं, म्हणून दोघांनाही वाटलं, आपल्यालाही झाला. औषधाची बाटली मात्र महिन्याला एकच मिळे. मग भांडण नको म्हणून इमानदारीनं वाटणी.

"त्याला घेऊन या," अरुंधती म्हणाली. "आत्ताच."

तुकोजी सांवेर रोडवर चौकीदारी करत होता. तासाभरात दोघं आले. अरुंधतीनं त्याचा एक डोळा झाकला आणि कानाच्या बाजूनं बोट हळूहळू पुढे आणलं. पांडुरंग बघत होता. बोट पार नाकासमोर आलं, तेव्हा कुठे तुकोजी म्हणाला, "दिसलं." दुसऱ्या डोळ्याचंही तेच.

"बाजूचं दिसणं गेलं, ते परत येत नाही," तिनं सांगितलं. "उरलेलं वाचेल. पण थेंब रोज हवेत. मी तुमच्या नावानं वेगळी नोंद पाठवते आणि ती मान्य होईपर्यंत बाटली माझ्याकडून न्यायची."

पांडुरंगचा चेहरा उतरला. "आणि मला?"

"तुम्हाला काही झालेलंच नाही."

"म्हणजे माझ्या महिन्याचे थेंब याचे होते?"

अरुंधतीला खोटं बोलता आलं असतं. "हो," ती म्हणाली.

पांडुरंगला रडू आवरेना. शेजारी बसलेला मित्र दिसावा म्हणून तुकोजीला सगळी मान वळवावी लागली.

"रो मत, पांडू," तो म्हणाला. "ते थेंब टाकले की किती आग होते, मला माहीत आहे. तुला तर काही झालंच नव्हतं, तरी इतकी वर्षं तू ती सोसली."