एक गाठ म्हणजे एक तास

मित्रांनो, मी एक जुना सुती दोरा आहे. हातभर लांबी आणि अंगावर अठरा गाठी, एवढीच माझी मालमत्ता. पण एके काळी निम्मी दुनिया माझ्यात मावत असे, ही काही बढाई नाही.

विमानाची तिकिटं विकणाऱ्या एका छोट्या कार्यालयात माझा जन्म झाला. तिथल्या ताईंच्या टेबलावर पृथ्वीचा गोल होता. वेळापत्रकात दोन्ही गावांची घड्याळं वेगवेगळी. नऊला निघालेलं विमान दहाला पोचलेलं दिसे आणि गिऱ्हाईक चक्रावून जाई. मग ताईंनी पुडक्याचा दोरा कापला. तासाभरात विमान गोलावर जेवढं पुढे जाईल, तेवढ्या अंतरावर एकेक गाठ मारली. एका विमानतळावर माझं टोक धरायचं, दुसऱ्यापर्यंत मला ताणायचं आणि गाठी मोजायच्या.

"चार गाठी, म्हणजे चार तास. एक झोप काढा, पोचलात."

मुलं परदेशी असलेले आईवडील मला बोटांनी चाचपून बघत. लेकरू अमुक गाठींवर आहे हे कळलं की त्यांचा चेहरा सैल होई. ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं.

इतक्या बोटांनी मी काळाकुट्ट झालो. एका रविवारी ताईंनी मला साबण लावून पाण्यात उकळलं. मी पांढराशुभ्र झालो आणि फुशारलो.

दुसऱ्याच दिवशी शिवणकाम करणाऱ्या एक मावशी आल्या. परदेशातल्या लेकीचे दिवस भरत आले होते आणि तिच्या गावाला थेट विमान नुकतंच सुरू झालं होतं.

"डॉक्टर म्हणतात, सलग सहा तासांच्या वर बसायचं नाही, पाय सुजतात. जन्म मशीनपुढे बसण्यात गेला आणि आता हे."

ताईंचा माझ्यावर डोळे झाकून विश्वास होता. त्यांनी मला ताणलं. सहावी गाठ मागे पडली.

"साडेसहा तरी लागतील, मावशी."

"राहू दे मग," एवढंच म्हणून मावशी गेल्या.

तीन दिवसांनी त्या परत आल्या. गळ्यात मोजायची टेप तशीच होती.

"ताई, हा दोरा धुतला होता का हो?"

"हो. का?"

"बेतण्याआधी कापड भिजत घातलं, तेव्हा डोक्यात आलं. सुती माल आटतो, गाठी जवळ आल्या असतील आणि जास्त मोजल्या गेल्या असतील. त्या दिवशी तो फारच पांढरा दिसत होता."

ताईंनी विमान कंपनीला फोन लावला. साडेपाच तास. त्यांचा चेहरा पडला. त्या आठवड्याच्या जागा आदल्या दिवशीच संपल्या होत्या.

मावशी पुढच्या आठवड्यात गेल्या. नंतर त्यांचं पत्र आलं. ताईंनी ते मोठ्यानं वाचलं. "पाय ठीक आहेत. नात गोड आहे. मी पोचले तेव्हा ती पाच दिवसांची होती. लेक म्हणते, कळा येत होत्या तेव्हा ती सारखी दाराकडे बघत होती."

ताईंनी मला खणात टाकलं. मला राग आला नाही, लाज मात्र वाटली.

आता प्रवासाचे तास मोबाइलवर कळतात, मला कोणी विचारत नाही. तरी मित्रांनो, एक विनंती. आपलं माणूस फार लांब आहे, जाणं जमायचं नाही, असं कोणी सांगितलं तर मुकाट्यानं घरी परतू नका. सांगणाऱ्याचं माप तपासा. आणि त्याच दिवशी तपासा.